जुन्या फॉन्टांस निरोप

मराठी मुद्रणाच्या व्यवहारांत हल्लीं एक मत मोठ्या आत्मविश्वासानें मांडलें जातें. तें असें कीं, आतां युनिकोड सर्वत्र उपलब्ध झाला आहे. तेव्हां जुन्या फॉन्टांतील लेखनाचा पसारा जेथल्या तेथें टाकून द्यावा आणि कोऱ्या पाटीवर नवा श्रीगणेशा करावा. नव्या आरंभाशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें या टाकून देण्याशीं.

जुनें तंत्र सदोष होतें, हें आम्हांसहि मान्य आहे. संगणकांत रोमन अक्षरांसाठीं राखलेल्या जागांवर फॉन्ट करणारांनीं देवनागरीचे तुकडे बसविले. कागदावर मजकूर सुबक उमटे. परंतु संगणकाच्या लेखीं तो मराठी नव्हताच. तोच फॉन्ट जवळ नसला कीं पानभर निरर्थक चिन्हें दिसावयाचीं. एका फॉन्टांत ज्या जागीं एक अक्षर, त्याच जागीं दुसऱ्यांत भलतेंच. अशा मजकुरांत शब्द शोधणें कठीण, अकारविल्हे सूची लावणें त्याहून कठीण. युनिकोडनें १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीच्या वर्णांस स्वतःची जागा दिली आणि हा घोळ मिटविण्याची वाट मोकळी केली. ती वाट धरलीच पाहिजे.

पण जातांना मागचें सामान कोणीं न्यावयाचें? नवआरंभवादी म्हणतात, तें आतां वाचतां येत नाहीं. हें खरें नाहीं. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांस दिसते तशी व्यंजनाच्या आधीं ठेवलेली असे. युनिकोडमध्यें ती उच्चाराप्रमाणें व्यंजनानंतर येते. रफाराचें याच्या उलट: जुन्या पद्धतींत तो अक्षरामागून, नव्या पद्धतींत अर्धा र अगोदर. म्हणजे रूपांतर करतांना चिन्हें बदलून भागत नाहीं, त्यांचा क्रमहि फिरवावा लागतो, आणि अखेर मराठी जाणणाऱ्या माणसानें तें ताडून पाहावें लागतें. काम कंटाळवाणें आहे, असाध्य नाहीं. मात्र त्यास मुदत आहे. कोणता मजकूर कोणत्या फॉन्टांत जुळविला होता हें सांगणारीं माणसें आणि तो फॉन्ट चालविणारे संगणक जोंवर आहेत, तोंवरच तें सुकर आहे.

या उपेक्षेचें फळ महाराष्ट्रानें एकदां चाखलें आहे. विल्यम केरी यानें बंगालमधील श्रीरामपूर येथें १८०५ सालीं मराठी व्याकरण देवनागरींत छापलें आणि १८१० सालीं मराठी कोश मोडी खिळ्यांनीं. पुढें छपाईंत बाळबोध स्थिरावली आणि विसाव्या शतकांत मोडी नित्याच्या लिहिण्यांतूनहि गेली. बाळबोध स्वीकारण्यांत चूक नव्हती. मोडी वाचणारांची परंपरा क्षीण होऊं दिली, ही चूक. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत निघाले. त्याबाहेरचे असंख्य कागद पुण्याच्या पुराभिलेखागारांत सुखरूप आहेत, आणि तरीहि बहुतेक मराठी माणसांस ते मुके आहेत. बरें, मोडीचा कागद निदान समोर धरून शिकतां तरी येतो. फॉन्ट हरवलेल्या मजकुराचें अक्षरहि डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं.

'महत्त्वाचें तें पुन्हां टंकून घेऊं,' असें यावर उत्तर मिळतें. महत्त्वाचें कोणतें, हें न वाचतांच कोण ठरविणार? आणि पुन्हां टंकण्यांत जुन्या चुका जाऊन नव्या शिरतात, हें प्रत्येक मुद्रितशोधक जाणतो.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. प्रत्येक प्रकाशकानें, ग्रंथालयानें आणि कार्यालयानें आपल्या संग्रहांतील फॉन्टांचीं नांवें आजच लिहून ठेवावींत, मजकूर युनिकोडमध्यें उतरवून तपासावा, आणि मूळ प्रत व तिचा फॉन्ट शेजारीं जपावा. एवढें करून मग जुन्या फॉन्टांस खुशाल निरोप द्यावा.