परदेशात आपला नंबर डबीत ठेवू नका



मुलाकडे अमेरिकेला जायचे ठरले की मेथकूट, चटण्या यांच्या याद्या आपण करतो. फोनचे मात्र 'तो बघेल' म्हणून सोडून देतो. पहिल्या खेपेला मीही तेच केले. मुलाने तिकडचे सगळ्यात स्वस्त सिम घातले, माझे सिम काढून कानातल्यांच्या डबीत ठेवले. पैसे वाचले म्हणून मी खूश!

दशलक्षण पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी सांगलीहून अक्काने फोन लावला. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, व्हॉट्सअॅप नाही. तीन दिवस ती 'बंद आहे' ऐकत राहिली. दिवाळीत आमची थोडी बोलाचाली झाली होती, तिला वाटले मी अजून रागावले आहे. मीही लावला नव्हता. माझ्या प्लॅनमध्ये भारतात बोलायची सोय नव्हती आणि मुलाकडे फोन मागायचा संकोच. हे सगळे मला महिन्याने भाचीकडून कळले.

कॉमर्स शिकलेली मी, पण तो हिशोब चुकलाच.

माझे मत असे, की आपले सिम चालूच ठेवावे. निघण्यापूर्वी रिचार्जची मुदत बघून रोमिंग सुरू करून घ्यायचे, पण त्यावरचा डेटा बंद. बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात. महागडा रोमिंग पॅक सहा महिने घेणे म्हणजे उधळपट्टी. बोलायला तिकडचे प्रीपेड. मिंट मोबाईल टी-मोबाईलच्याच जाळ्यावर चालते, व्हिजिबल व्हेरायझनच्या, क्रिकेट एटी अँड टीच्या. नाव छोटे, टॉवर मोठ्यांचे. पण आपला हँडसेट तिथे चालतो का, हे आधी तपासा. *#०६# दाबले की फोनचा आयएमईआय नंबर दिसतो, तो कंपनीच्या साइटवर घालायचा. मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवणे कधी कधी त्याहून स्वस्त पडते, तेही विचारा. आणि भारतातल्या साध्या फोनवर बोलता येते का, हे तर विचाराच. त्यासाठी चार-पाच डॉलर जास्त गेले तरी जाऊ द्यात. (मुलाला हे पटायला वेळ लागला. त्याच्या मते सगळे जग व्हॉट्सअॅपवर आहे.)

आता तिथे असताना अक्काचा फोन वाजला, की मी उचलत नाही, तिकडच्या सिमवरून लावते. तिलाही सवय झाली आहे. दोन रिंग देऊन तीच ठेवते.