पासवर्ड किती वेळा चुकला की दार बंद होतं? ते तुमच्या व्हर्जनवर ठरतं!

फोनचा पिन सारखा चुकला की फोन थोडा वेळ थांबायला लावतो. घरच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपने किंवा भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करतानाही असंच होत असेल, असं आपण गृहीत धरतो. पण तिथे किती चुका माफ, हे ऑपरेटिंग सिस्टिमचं व्हर्जन कोणतं आणि ती कधी इन्स्टॉल केली यावर ठरतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुने पीसी मात्र अजून चालूच आहेत. म्हणून हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा आहे.

विंडोज: नवीन पीसी, जुना पीसी

२०२२ पर्यंत घरगुती विंडोजमध्ये चुकीच्या पासवर्डवर डीफॉल्ट मर्यादाच नव्हती. हल्लेखोराचा प्रोग्रॅम रात्रभर पासवर्ड मारत बसला तरी खातं लॉक होत नसे. रॅन्समवेअर टोळ्यांनी याचा भरपूर फायदा घेतला.

विंडोज ११ च्या २२एच२ व्हर्जनपासून नियम बदलला: १० मिनिटांत १० चुका झाल्या की खातं १० मिनिटं लॉक. मेख अशी की हा डीफॉल्ट नव्याने सेटअप केलेल्या मशीनसाठी आहे. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटने जुन्या पीसीला सोय मिळाली, पण ती चालू आहे का हे आपणच बघायचं. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट अकाउंट्स' ही कमांड इंग्रजीत टाइप करा. लॉकआउट थ्रेशोल्डपुढे 'नेव्हर' दिसलं, तर मर्यादा नाही.

मर्यादा असली तरी हिशोब करून बघा. १० मिनिटांत १० म्हणजे दिवसाला १,४४० प्रयत्न. चार आकडी पासवर्डच्या १०,००० शक्यता सात दिवसांत संपतात. म्हणजे मर्यादा वेळ मिळवून देते, कच्चा पासवर्ड पक्का करत नाही.

लिनक्स: सहा म्हणजे नक्की किती?

ओपनएसएसएचमध्ये 'मॅक्सऑथट्राइज'चा डीफॉल्ट आकडा ६ आहे. पण तो एका कनेक्शनपुरता. कनेक्शन तुटलं की पुन्हा जोडायचं, मोजणी परत शून्यापासून! खातं लॉक होतच नाही. तुमच्याकडे बऱ्याच एसएसएच की असतील तर उलट गंमत होते. त्या एकेक करून तपासण्यातच सहा प्रयत्न संपतात आणि पासवर्ड विचारायच्या आधीच तुम्ही बाहेर.

जुलै २०२४ च्या ९.८ व्हर्जनने ही पळवाट बरीच बुजवली. सारख्या चुका करणाऱ्या आयपी पत्त्याला आता काही काळ आत घेतलं जात नाही. पण उबंटू २४.०४ मध्ये ओपनएसएसएच ९.६ आहे, म्हणजे ही सोय नाही. डेबियन १३ मध्ये १०.० आहे, तिथे ती आहे.

यालाही दुसरी बाजू आहेच. मोबाइल इंटरनेटवर अनेक ग्राहक एकच आयपीव्ही४ पत्ता वापरतात, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकांची शिक्षा तुम्हाला होऊ शकते. आणि हल्लेखोराकडे हजारो पत्ते असतील, तर एक-दोन अडवून त्याचं काही बिघडत नाही.

मग करायचं काय?

- रिमोट डेस्कटॉप लागत नसेल तर बंद ठेवा. लागत असेल तर राउटरवर पोर्ट उघडू नका, व्हीपीएनमधून जा.
- विंडोजवर लॉकआउट १० वर ठेवा आणि लांब पासवर्ड वापरा.
- लिनक्सवर एसएसएच की वापरा. फोनवरच्या टर्मक्समध्येही ती बनवता येते. कीने लॉगिन होतंय हे दुसऱ्या विंडोत तपासा, मगच पासवर्ड लॉगिन बंद करा. नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.
- जुनं ओपनएसएसएच असेल तर फेलटूबॅन बसवा.

आकडा १० असो की ६, आधी दोन प्रश्न विचारा: तो खात्याला लागू आहे, कनेक्शनला की पत्त्याला? आणि माझ्या मशीनवर तो खरंच चालू आहे का?