बाळाला ऐकू येते. पण काय आणि कसे?

सातव्या महिन्याच्या तपासणीसाठी एक जोडपे परवा दवाखान्यात आले होते. तपासणी आटोपल्यावर पतीने पिशवीतून एक पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. पोटाभोवती बांधायचा, आतल्या बाजूस दोन छोटे स्पीकर बसवलेला. "डॉक्टर, हा रोज किती वेळ लावायचा? बाळ हुशार होते म्हणतात." सोबत आलेल्या सासूबाईंनी लगेच अभिमन्यूचा दाखला दिला.

चक्रव्यूहाची कथा ऐकत आपण सारेच लहानाचे मोठे झालो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. गर्भातील बाळाला ऐकू येते, हे खरे आहे. मात्र त्यासाठी पट्ट्याची गरज नाही, हेही तितकेच खरे आहे.

कानाची जडणघडण फार लवकर सुरू होते. गर्भधारणेनंतर अवघ्या तीन-चार आठवड्यांत आंतरकर्णाची पहिली खूण दिसू लागते. पाचव्या महिन्याच्या सुमारास गोगलगाईच्या शंखासारखी वळणदार श्रवणनलिका बऱ्यापैकी आकाराला येते. त्यानंतर तिच्यातील सूक्ष्म केशपेशी आणि मेंदूकडे जाणारे मज्जातंतू यांची जोडणी पक्की होत जाते. साधारण 24 ते 26 आठवड्यांपासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते, आणि 28 ते 30 आठवड्यांपर्यंत बहुतेक निरोगी बाळांमध्ये तो स्पष्टपणे आढळतो. अचानक आवाज झाला की हृदयाचे ठोके बदलतात, पापण्या मिटतात, हातपाय झटकले जातात. तोच आवाज पुन्हा पुन्हा झाला, तर बाळ सरावते आणि दचकणे थांबवते.

गर्भाशय ही काही निःशब्द जागा नव्हे. आईच्या रक्तप्रवाहाची लय, आतड्यांची गुरगुर, श्वासाची आंदोलने हे सारे तेथे अखंड चालू असते. बाहेरचा आवाज पोटाची भिंत आणि गर्भजल ओलांडून आत जाताना त्यातील बारीक, उंच स्वर पुष्कळसे गळून पडतात. खर्जातले स्वर टिकतात. म्हणून बाळापर्यंत शब्दांपेक्षा बोलण्याची चाल, चढउतार आणि लय अधिक पोहोचते. शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावे आणि शब्द न कळताही माणूस ओळखू यावा, तसे काहीसे. आईचा आवाज मात्र हवेतून येतो तसाच तिच्या शरीरातूनही आत उतरतो, म्हणून तो सर्वांत ठळक असतो.

बाळ हा आवाज ओळखूही लागते. अमेरिकेतील डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी 1980 साली अगदी नवजात बाळांच्या तोंडात एक खास चोखणी दिली. चोखण्याची लय एका प्रकारची असेल तर आईचा आवाज, दुसऱ्या प्रकारची असेल तर परक्या स्त्रीचा आवाज, अशी ती योजना होती. बाळांनी आईचा आवाज ऐकू येईल अशा रीतीने चोखणे पसंत केले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रेंच आणि जर्मन नवजातांच्या रडण्याची चाल तपासली गेली. फ्रेंच बाळांचे रडणे चढत जाणारे, तर जर्मन बाळांचे उतरत जाणारे आढळले; त्या त्या भाषेच्या वळणासारखेच! मातृभाषेची ओळख जन्माआधीच सुरू होते, ती अशी.

परंतु आवाज ओळखणे वेगळे आणि बुद्धिमत्ता वाढणे वेगळे. 'मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल' हा समज 1993 सालच्या ज्या प्रयोगातून पसरला, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला होता, गर्भावर नव्हे. आणि त्यातील फायदाही जेमतेम दहा-पंधरा मिनिटे टिकणारा होता. तेव्हा आईने आवडीचे संगीत जरूर ऐकावे, ओव्या गुणगुणाव्यात, बाळाशी बोलावे. तिचे मन प्रसन्न राहते, हेच मोठे फळ. पोटावर थेट स्पीकर मात्र लावू नये. बाळाच्या झोपेच्या वेळा आपल्याला ठाऊक नसतात, आणि आत किती आवाज पोहोचतो याचे मोजमाप घरी करता येत नाही.

खरी काळजी घ्यायची ती गोंगाटाची. मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीपुढे उभे राहणे किंवा यंत्रमागाच्या खडखडाटात महिनोन्महिने काम करणे गर्भवतीने टाळावे. आईने कानांत बोळे घातल्याने तिचे कान वाचतात, पोटातल्या बाळाचे नाही. एखाद्या दिवशी लग्नघरात वाद्ये वाजली म्हणून घाबरण्याचे मात्र कारण नाही.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, कुकरची शिट्टी झाली तरी हा दचकत नाही हो." मी बाळाच्या मागे टाळी वाजवली. त्याने मान वळवली. "आजी, कान उत्तम आहेत," असे सांगून मी त्यांना परत पाठवले. बाळाने कदाचित माझी सावली पाहिली असेल, कदाचित टाळीच्या वाऱ्याचा स्पर्श त्याला जाणवला असेल. अडीच वर्षांचा होऊनही तो एक शब्द बोलेना, तेव्हा तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते.

त्याच्या आईने मला विचारले, "गरोदरपणी मी पोटावर हेडफोन लावत होते, म्हणून असे झाले का?" नाही, ताई, असे मी तिला सांगितले, आणि आजही सांगतो. जन्मजात बहिरेपणात निम्म्याहून अधिक वेळा कारण आनुवंशिक असते, आईवडिलांना उत्तम ऐकू येत असले तरीही. जवळच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. गरोदरपणातील रुबेलासारखे संसर्ग, स्ट्रेप्टोमायसिनसारखी काही औषधे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ हीदेखील कारणे असतात. दोष तिचा नव्हता. वेळ दवडली ती मी.

म्हणून वाचकहो, पट्ट्याचे पैसे वाचवा आणि बाळाची श्रवणचाचणी करून घ्या. बाळ झोपलेले असताना कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवून काही मिनिटांत 'ओएई' चाचणी होते. वेदना मुळीच नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी 'बेरा' ही चाचणी आवश्यक ठरते. पहिल्या महिन्यात चाचणी, शंका असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना आरंभ, हा जगभर मान्य झालेला क्रम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात अवश्य चौकशी करा. जन्मतः चाचणी चांगली आली, तरी पुढे शंका वाटल्यास ती पुन्हा करावी.

त्या मुलाला श्रवणयंत्र लागले, पुढे कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली, वाचाउपचार झाले. आज तो बोलतो, शिकतो. पण पहिल्या दोन वर्षांत मेंदूला जे ऐकायला मिळायला हवे होते, त्याची भरपाई करताना त्या घराला अपार कष्ट पडले. तेव्हापासून लसीकरणाला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या आजीला मी विचारतो, "कुकरच्या शिट्टीला दचकते ना?" उत्तर 'नाही' आले, तर मी टाळी वाजवत नाही, चाचणीची चिठ्ठी लिहून देतो.