डोंगराची रेघ आणि गॅलरीतली तुळस

‘फोटो तुम्हीच चव्हाट्यावर टाकलात. आता त्यातली जागा कोणी ओळखली तर तक्रार कसली?’ हा युक्तिवाद हल्ली वारंवार कानावर पडतो. तो वेडगळ नाही, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी पूर्वपक्ष. फोटोत जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. भिंत जांभ्याची आणि वर कौलं असली की आपण कोकण म्हणतो. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असला की राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला की राज्य महामार्ग. गाडीच्या पाटीवर एमएच ०८ दिसलं की रत्नागिरी. संगणक याहून निराळं काय करतो? शिवाय माणसं हे आधीपासून करतच होती. २०१९ मध्ये जपानमध्ये एकाने एका तरुण गायिकेच्या सेल्फीत, तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत उमटलेलं रेल्वे स्टेशन हेरलं, गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे रस्त्यारस्त्याच्या चित्रांच्या नकाशावर, ते शोधलं, तिच्यावर पाळत ठेवली आणि तिच्यावर हल्ला केला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाटा नव्हता. मग आज यंत्राच्या नावाने ओरड का?

उत्तर याच उदाहरणात आहे. त्या माणसाला प्रतिबिंब मोठं करून पाहावं लागलं, नकाशे धुंडाळावे लागले, स्टेशनवर ताटकळावं लागलं. एवढी विकृत चिकाटी विरळा. तुमच्याआमच्या फोटोंभोवती आजवर जे कुंपण होतं ते या कष्टांचं होतं. ते कोणी मुद्दाम घातलं नव्हतं, कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते निघून चाललंय हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

ते किती झपाट्याने निघालं पाहा. २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स हेज आणि अलेक्सेई एफ्रोस यांनी फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरच्या साठ लाखांहून अधिक फोटोंशी नवा फोटो ताडून त्याची जागा अंदाजली. शंभरातले सोळा फोटो खऱ्या जागेच्या २०० किलोमीटरच्या आत आले. २०१६ मध्ये गूगलच्या ‘प्लॅनेट’ने पृथ्वीचे सुमारे २६ हजार तुकडे पाडून फोटो कोणत्या तुकड्यातला ते सांगायला संगणकाला शिकवलं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या तीन विद्यार्थ्यांच्या ‘पिजन’ने स्ट्रीट व्ह्यूच्या चित्रांवरून देश ओळखण्यात ९२ टक्के अचूकता गाठली आणि चित्रावरून जागा ओळखण्याच्या जिओगेसर या खेळातल्या नामांकित खेळाडूला हरवलं. गैरवापराच्या भीतीने त्यांनी आपलं पूर्ण मॉडेल खुलं केलं नाही. या संयमाचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण २०२५ च्या एप्रिलपर्यंत सर्वांच्या हातातल्या चॅटबॉटला फोटो दाखवून ‘हे कुठलं?’ विचारण्याची लाट आली होती.

‘फोनमधलं लोकेशन बंद ठेवा’ या सल्ल्याचा आधार म्हणूनच फार पुरत नाही. फाइलीतले जीपीएसचे आकडे पुसता येतात. खिडकीबाहेरची पाण्याची टाकी पुसता येत नाही. ‘आपल्याकडे हे चालायचं नाही’ हेही खरं नाही. २०२२ मध्येच मुंबई, पुणे, नाशिक, तेव्हाचं अहमदनगर धरून दहा शहरांचे रस्ते स्ट्रीट व्ह्यूवर आले.

आता दुसऱ्या बाजूचा भाबडेपणा. यंत्राने सांगितलं म्हणजे तीच जागा, असं मानणारे पोलीस ठाण्यात, बातमीच्या टेबलावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सगळीकडे सापडतील. त्यांनी ‘पिजन’चाच दुसरा आकडा वाचावा: २५ किलोमीटरच्या आत बसलेले अंदाज चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक. म्हणजे निम्म्याहून जास्त अंदाज त्या वर्तुळाबाहेर पडले. आणि त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस किलोमीटर. अख्खी बृहन्मुंबई त्यात तीनदा मावेल. तेवढ्यावरून कोणाच्या दारात जायचं?

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे यंत्राने नेमकं काय ओळखलं हे उत्तरात दिसत नाही. जिओगेसर खेळणाऱ्यांना ठाऊक असतं की केनियातल्या चित्रांत, ती टिपणाऱ्या गूगलच्या गाडीची हवा घेणारी उभी नळी दिसते आणि घानातल्या गाडीच्या टपावरच्या दांडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. त्या पट्टीवरून ‘घाना’ म्हणणाऱ्याने घाना ओळखलेला नसतो, गाडी ओळखलेली असते. असल्याच चित्रांवर शिकलेलं मॉडेलही हाच धडा गिरवू शकतं. परीक्षेत त्याला गुण मिळतील, पण न्यायालयात त्या ओळखीची किंमत शून्य.

मग ही विद्या गाडून टाकावी का? मुळीच नाही. तिची बाजू मी मांडतो ती कॅमेरूनच्या उत्तर भागातल्या झेलेवेतसाठी. जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ पसरला. सैनिक दोन बायका आणि दोन लहान मुलांना धुळीच्या वाटेने नेतात, डोळे बांधतात आणि गोळ्या घालतात. एक मूल आईच्या पाठीला बांधलेलं आहे. सरकारने हात झटकले: ही खोटी बातमी. बीबीसी आफ्रिका आयच्या पत्रकारांनी मागे दिसणारी डोंगराची रेघ उपग्रहचित्रांवरच्या भूरचनेशी जुळवली. घरं, झाडं, वाटा एकेक करून ताडल्या. कोणत्या इमारती कधी उभ्या होत्या त्यावरून वर्षांची कक्षा आवळली, आणि सैनिकांच्या सावल्या घड्याळासारख्या वाचून काळ काढला: २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा दिली.

ही ओळख टिकली, कारण तिची प्रत्येक पायरी उघडी होती. सरकारवर विश्वास ठेवणाऱ्यालाही तीच डोंगररेघ समोर घेऊन स्वतः ताडता येत होती. हे काम यंत्रालाही येतं. झुरिचच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये फोटोतली क्षितिजरेघ जवळपास साऱ्या स्वित्झर्लंडच्या, सुमारे ४० हजार चौरस किलोमीटरच्या, उंचसखल नमुन्याशी जुळवून दाखवली. तिथे संगणक नुसता देश पुटपुटत नाही. रेघेवर रेघ ठेवून दाखवतो. अमेरिकेतल्या ‘ट्रॅफिककॅम’ या अ‍ॅपमध्ये प्रवासी आपापल्या हॉटेलखोल्यांचे फोटो देतात, देहविक्रीसाठी कोंडलेल्या मुलींच्या फोटोंमागची खोली त्यांच्याशी ताडली जाते. चादरीची नक्षी, पलंगाचा माथा, दिव्याचा आकार हजारो हॉटेलांत शोधणं माणसाच्या डोळ्यांना झेपणारं नाही. यंत्राने संभाव्य हॉटेलं काढून द्यावीत. निर्णय तपास करणाऱ्याने घ्यावा.

म्हणून माझं म्हणणं असं. पोलीस, न्यायालय किंवा वृत्तपत्र जागेचा दावा करत असेल तर काय कशाशी जुळलं आणि दुसऱ्या कोणत्या जागा का बाद केल्या, हे दाखवणं बंधनकारक हवं. टक्केवारी म्हणजे पुरावा नव्हे. आणि बाजारातल्या चॅटबॉटने अनोळखी व्यक्तीच्या घरच्या फोटोवरून शहराच्या खाली उतरता कामा नये. ‘विद्या एकदा बाहेर पडली की अडवता येत नाही’ हे मला मान्य आहे. पण खिडकीवर बसून जो मागेल त्याला पत्ता वाटणारा दुकानदार कंपनी आहे, आणि कंपनीला नियम लावता येतो.

इथे आपला कायदा आड येतो. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. म्हणजे पूर्वपक्ष चक्क कलमात बसला आहे. उलट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचं खासगीपण संपत नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या गावी राहायला गेलेली बाई गॅलरीतल्या तुळशीचा फोटो टाकते तेव्हा ती तुळस जाहीर करते. मागच्या इमारतीचा रंग, कठड्याची जाळी आणि समोरच्या टाकीवरून निघणारा पत्ता तिने जाहीर केलेला नसतो. फोटोत ठेवलेलं आणि फोटोतून उपसलेलं हा फरक त्या कलमात लिहिला जाईपर्यंत, तो पत्ता तिच्या नवऱ्याला देणाऱ्या कंपनीला या कायद्याखाली जाब कसा विचारायचा?