नकार चालत नसेल तर होकाराला काय किंमत?



दिल्लीने कायदा करण्याआधी राज्यांना विचारावे, असे आपण बैठकांतून म्हणतो. नुसते विचारले म्हणजे भागेल का? ब्रिटनकडे बघा.

तेथे 1999 पासून स्कॉटलंड आणि वेल्सला आपापली विधिमंडळे आहेत. शेती हा विषय त्यांच्याकडे. त्यांच्या विषयावर लंडनच्या संसदेला कायदा करायचा तर आधी त्या विधिमंडळाची संमती घ्यावी, असे लॉर्ड स्यूएल या मंत्र्यांनी 1998 साली सांगितले आणि तसा प्रघात पडला. 2016 मध्ये तो स्कॉटलंडपुरता कायद्यातही लिहिला गेला. पण एका शब्दाने घात केला. संमतीशिवाय संसद 'सर्वसाधारणपणे' कायदा करणार नाही, एवढेच लिहिले. जानेवारी 2017 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, हा राजकीय संकेत आहे, कोर्ट तो पाळायला लावणार नाही.

पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. जानेवारी 2020 मध्ये त्या कराराच्या कायद्याला स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली. कायदा झालाच.

आपली गत काय? घटनेत शेती राज्यांच्या यादीत आहे. पण अन्नधान्य, कापूस आणि सरकी यांचा व्यापार 1954 च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती यादीत गेला. म्हणजे ज्वारी पेरायची राज्याच्या कायद्याखाली, विकताना मात्र दिल्लीचाही हात. त्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागत होती. ती मिळाली. एकदा दिली ती कायमची गेली. 2020 मध्ये शेतमाल व्यापाराचा कायदा याच नोंदीच्या बळावर आला आणि 2021 मध्ये गेला. तो चांगला की वाईट, यावर शेतकऱ्यांतही दोन मते होती. पण आणताना किंवा मागे घेताना राज्यांच्या संमतीची गरज पडली नाही.

मुंबई तरी कुठे विचारत होती? कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा विधिमंडळानेच केला. 1972 पासून कितीतरी वर्षे सीमेपलीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी आपल्याला कापूस नेता येत नव्हता. तेव्हा आमदाराची संमती हीच शेतकऱ्याची संमती, असे आम्ही मानत नाही.

आमचे म्हणणे दोन कलमी आहे. शेतमालाच्या व्यापारावर केंद्राला कायदा करायचा असेल, तर राज्य विधिमंडळाचा ठराव घटनेनेच बंधनकारक करावा. त्यात 'सर्वसाधारणपणे' ही पळवाट नको. आणि त्या ठरावावर हात वर करण्याआधी आमदाराने मसुदा गावात आणून मराठीत वाचून दाखवावा.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावाचा ठराव घेऊन या.