दावं हाताला गुंडाळू नका

सदर : अंगण आणि गोठा



आज आपण जायचं आहे पोहरादेवीला. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. तुमच्यापैकी काही जणांनी ते रामनवमीच्या यात्रेत पाहिलंही असेल. जगदंबा देवीचं मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे, म्हणून देशभरातले बंजारा बांधव इथं येतात. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा. त्यांच्या कथा ऐकायला बसलात, की त्यांत गुरं चारण्याचा उल्लेख येतोच येतो.

आणि का येणार नाही? या समाजाचा जुना इतिहासच मुळी बैलांच्या पाठीवरून चालत आला आहे. रेल्वे नव्हती, ट्रक नव्हते, तेव्हा धान्य आणि मीठ एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कोण पोचवायचं? बंजारा तांडे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या आणि चालू लागायचं. याला म्हणत लदेणी. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी भारतात फिरला. दहा-बारा हजार बैलांचे तांडे आपण पाहिले, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, की तो पुढं सरकेपर्यंत इतरांना दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागे!

विचार करा, एवढ्या बैलांपैकी कोण लंगडतो, कुणाच्या पाठीला जखम आहे, कोण आज नीट खात नाही, हे कसं कळत असेल? डॉक्टर तर सोबत नव्हता. कळायचं ते फक्त रोज बघण्यानं.

पुढं रेल्वे आली, सडका झाल्या, लदेणी संपली आणि तांडे एका जागी स्थिरावले. दारातली जनावरं मात्र राहिली. आज पोहरादेवीला काय किंवा तुमच्या गावाला काय, एखादी बैलजोडी, एक दुभती गाय, चार-पाच शेळ्या, आठ-दहा कोंबड्या आणि राखणीला कुत्रा, असा संसार पुष्कळ घरी असतो. शाळा सुटल्यावर शेळ्या घरी आणणं, गुरांना पाणी दाखवणं, अंडी गोळा करणं ही कामं कुणाकडे येतात? तुमच्याकडेच ना? म्हणून आजच्या गोष्टी खास तुमच्यासाठी.

आधी स्वतःला सांभाळा

तुमचं वजन असेल तीस-पस्तीस किलो. बैलाचं सहज चारशे किलो. तो बुजला तर तुम्ही त्याला धरून ठेवू शकणार नाही, आणि ठेवूही नये. पण पुष्कळ मुलांना सवय असते, दावं किंवा कासरा हाताला दोन-तीन वेढे देऊन घट्ट धरायचा. काही जण तर शेळीची दोरी कमरेला बांधून खेळत बसतात. मोटारसायकलचा हॉर्न वाजतो, फटाका फुटतो, जनावर उधळतं, दोरीचा वेढा आवळतो आणि मूल फरफटत जातं. दोरी नुसती मुठीत धरलेली असेल, तर मूठ उघडली की सुटका. म्हणून पहिला नियम पाठ करा : दावं हातात धरायचं, हाताला गुंडाळायचं नाही. जनावर पळालं तर पळू द्या. ते परत सापडतं.

दुसरा नियम : मागून जायचं नाही. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे तिला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते फक्त शेपटीच्या थेट मागचं. तिथून अचानक हात लागला की ती दचकते आणि लाथ झाडते. खांद्याच्या बाजूनं, तिला हाक मारत जवळ जा. नुकतीच व्यालेली गाय कितीही गरीब असली, तरी वासराजवळ एकट्यानं जाऊ नका. बैलानं मान खाली घातली, फुसफुसायला लागला, पुढच्या खुरानं माती उकरायला लागला, की तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागं सरका.

तिसरा नियम गाठीचा. जनावराच्या गळ्यात सरकफास नको, ओढ बसली की तो आवळतो. खुंट्याची गाठ मात्र अशी हवी, की एका झटक्यात सुटेल. गोठ्याला आग लागली, तर गाठी सोडत बसायला वेळ नसतो. ही गाठ घरातल्या मोठ्या माणसाकडून शिकून घ्या.

पाच नजरा

आता जनावरांचं पाहू. त्यांना बोलता येत नाही, पण सांगता येतं. रोज शाळेला जाण्यापूर्वी गोठ्यात दोन मिनिटं उभं राहायचं आणि पाच गोष्टी बघायच्या.

१. रात्रीचा कडबा, कुटार खाल्लं का? गव्हाण भरलेलीच असेल तर काहीतरी बिनसलं आहे.

२. बसल्या-बसल्या रवंथ चालू आहे का? निरोगी गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. रवंथ थांबणं ही आजाराची मोठी खूण.

३. नाक ओलसर आहे का? कोरडं असेल तर ताप असू शकतो. गाईचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच.

४. शेण नेहमीसारखं आहे का? शेळीच्या लेंड्या सुट्या आहेत, की पातळ झाल्या?

५. उठताना, चालताना कुठला पाय उचलून धरते का?

एकही गोष्ट वेगळी दिसली, की लगेच घरात सांगायचं. आईला, आजीला, तांड्यावर असाल तर याडीला. औषध मात्र आपण द्यायचं नाही. पोट फुगलं म्हणून जनावराची मान उंच धरून घाईनं तेल पाजलं, तर ते पोटाऐवजी फुप्फुसात जाऊ शकतं. मग एक दुखणं राहतं बाजूला आणि दुसरं उभं राहतं. तुम्ही गोठ्याचे पहारेकरी. डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्या.

जिथं पोट, तिथं घात

आपल्या भागात सोयाबीन घरोघरी. सुगीत अंगणात ढीग पडतो आणि शेळी दोरी तोडून नेमकी तिथंच जाते. एकदम भरपूर दाणे खाल्ले, की पोटात आम्ल वाढतं, जनावर फुगतं, सुस्त होतं आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावतंही. फुगलेलं पोट ओळखायचं डाव्या भकाळीवरून, म्हणजे बरगड्या आणि मागचा पाय यांच्यामधल्या खळग्यावरून. एरवी खोलगट असणारी ही जागा ढोलकीसारखी टम्म दिसली, की थांबू नका. पोळ्याच्या दिवशीही हे लक्षात ठेवा. बैलाला पुरणपोळी मानाची, पण एक-दोनच. घरोघरचा मान त्यानं खाल्ला, तर सणाच्या रात्री डॉक्टरांना शोधायची पाळी येते.

ज्वारी पेरली असेल, तर आणखी एक धोका. कोवळ्या ज्वारीत, पाण्याअभावी खुरटलेल्या ताटांत आणि कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत विष तयार होतं. ते खाल्लं की जनावराला धाप लागते, ते थरथरतं आणि थोड्याच वेळात कोसळतं. यालाच शेतकरी ‘किराळ लागली’ म्हणतात. फुलोरा येईपर्यंत गुरांना ज्वारीत शिरू द्यायचं नाही, हा त्यावरचा साधा उपाय. डॉक्टरांकडे यावर इंजेक्शन असतं, पण वेळ फार थोडा मिळतो.

यात्रा झाली, लग्न झालं, की रस्त्यावर काय उरतं? शिळं अन्न भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. गाय अन्नाच्या वासानं पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, बाहेर पडत नाही, वर्षानुवर्षं पोटात साठून राहतं. उरलेलं अन्न पिशवीत बांधून फेकू नका, एवढं तर आपल्या हातात आहे ना? तारेचे तुकडे, खिळे यांचंही तसंच. ते पोटातून थेट हृदयापर्यंत टोचू शकतात.

आणि फवारणीचे डबे! शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ज्या औषधानं माणूस जातो, त्याच्या रिकाम्या डब्यात कोंबड्यांना पाणी ठेवायचं? कितीही धुतला तरी नाही. फवारणी झालेल्या बांधाचं गवतही कापून आणू नका.

हात घालण्याआधी

कोंबडीच्या खुराड्यात हात घालण्याआधी काठीनं चाचपा आणि उजेड पाडून बघा. अंडी सापालाही आवडतात. कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या ढिगात तर हात घालूच नका. रात्री गोठ्यात जायचं तर पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच.

गाय लाळ गाळते आहे, विचित्र हंबरते आहे, तिला पाणी गिळता येत नाही, असं दिसलं तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालायचा नाही. पिसाळलेला कुत्रा चावला असेल, तरी जनावर असंच करतं. ती लाळ आपल्या जखमेला लागणंही धोक्याचं.

कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर घाबरून लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं घ्या. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली ज्याला ही लस पहिल्यांदा दिली, तो जोसेफ माइस्टर किती वर्षांचा होता माहीत आहे? अवघा नऊ वर्षांचा! तो वाचला. एकदा हा रोग अंगात उठला, की त्यावर उपाय जवळजवळ नाही. म्हणून चावल्याबरोबर सांगणं यातच शहाणपण.

गाय गाभडली, तर पडलेल्या वासराला किंवा जारेला उघड्या हातानं शिवू नका आणि दूध नेहमी उकळूनच प्या. काही रोग जनावरातून माणसात येतात.

करून पाहा

एक जुनी वही घ्या. प्रत्येक जनावराला एक पान. वर त्याचं नाव आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर. खाली लसीच्या तारखा : लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, शेळ्यांचा आंत्रविषार. पावसाळ्याआधी कुठली राहिली, ते एका नजरेत कळेल. २०२२ साली महाराष्ट्रभर लम्पीनं गुरं आजारी पडली, तेव्हा लस आणि आजारी जनावर वेगळं बांधणं, याच दोन गोष्टींचा आधार होता. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात १९६२ लिहा. जनावरांच्या उपचारासाठीचा हा टोल-फ्री क्रमांक आहे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलं गोठ्यात काम करतात, हे चांगलंच आहे. पण मारका बैल, विहिरीच्या काठावर पाणी पाजणं आणि विजा कडाडत असताना गुरं आणणं, ही तीन कामं त्यांना सांगू नका. विजा होत असतील, तर जनावरंही झाडाखाली बांधू नका. आणि ‘गाय आज रवंथ करत नाही’ असं मूल सांगत आलं, तर हातातलं काम ठेवून एकदा बघून या. तुम्ही बघितलंत, तरच ते उद्या पुन्हा सांगेल.

तर मग, उद्या सकाळी दोन मिनिटं गोठ्यात!