आधी पाय, मग नाडी

बेघर माणूस आजारी असूनही रुग्णालय का टाळतो? अज्ञानामुळे, असे आपण चटकन म्हणतो. परंतु रांगेत दिवस गेला तर कमाई बुडते, मागे ठेवलेले बोचके चोरीस जाते. शिवाय पूर्वी झालेला अपमान तो विसरलेला नसतो.

अमेरिकेतील बॉस्टन शहरी १९८५ साली डॉ. जिम ओकॉनेल बेघरांच्या निवाऱ्यात काम करू लागले. तेथील परिचारिकांनी त्यांचा स्टेथोस्कोप बाजूला ठेवविला आणि त्यांना रुग्णांचे पाय धुण्याचे काम दिले! दिवसभर उभे राहून सुजलेल्या पायांना आराम मिळे, हळूहळू विश्वास बसे. मग रुग्ण आपणहून दुखणे सांगत.

औषध पोटात गेले तरच गुण येतो. म्हणून दवाखान्यानेच बेघरांकडे जावयास हवे. विश्वास मिळविणे हा उपचाराचाच पहिला भाग होय.